ग्यानबाची टेप आणि लाल बटण

कुठल्याही यंत्रावर एकदम विश्वास ठेवायचा नाही, हा इंद्रभानचा बाणा होता, आणि या बाण्याचा त्याला स्वतःलाच फार अभिमान होता. शेलूबाजारात त्याचं ‘तथागत लाऊडस्पीकर’ नावाचं दुकान. लग्न असो, जयंती असो, कुस्त्यांची दंगल असो, भोंगा बांधून झाला की इंद्रभान आधी स्वतः माईक हातात घ्यायचा आणि म्हणायचा, “हॅलो, हॅलो. माईक टेस्टिंग. वन, टू, थ्री. तथागत लाऊडस्पीकर, शेलूबाजार, आपले सहर्ष स्वागत करीत आहे.” पाहुणा कितीही मोठा असला तरी एवढं झाल्याशिवाय माईक त्याच्या तोंडापुढे जात नसे. नवरदेव घोड्यावर ताटकळला तरी चालेल, पण टेस्टिंग व्हायलाच हवं.

अशा या सावध माणसाच्या पेटीत त्याच्या बापाची टेप होती. बाप ग्यानबा, आसेगावच्या गाणपार्टीचा गायक, मागच्या उन्हाळ्यात वारला. त्याचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी उरला होता: बुद्धजयंतीच्या एका कार्यक्रमात कुण्या हौशी मास्तरांनी चकरीच्या टेपवर भरून घेतलेला. पावसाळ्यात पेटीला ओल लागली आणि टेपवर बुरशी चढली. इंद्रभानने ती एकदा भीत भीत लावून पाहिली, तर ग्यानबा रांजणात बसून गातोय असं वाटलं. टेप तुटेल या धास्तीने त्याने लगेच बंद केली.

आणि त्याच टेपवर त्याच्या मायचा, लिलाबाईचा, जीव अडकला होता. ग्यानबाच्या वर्षाच्या कार्यक्रमाला ती टेप वाजली पाहिजे, एवढंच तिचं मागणं होतं.

“गानं नसलं आयकू आलं तरी चालते,” ती म्हणाली. “मले सुरुवात आयकाची हाय. थ्यात तुया बापानं मायं नाव घेतलं हाय.”

घडलं होतं असं. त्या जयंतीला कोरस धरणारा माणूस आलाच नाही. तेव्हा ग्यानबाने भर मंडपात, माईकवरून, बायांमध्ये मागे बसलेल्या बायकोला नावाने हाक मारली. त्या काळी नवरा-बायको एकमेकांचं नाव घरातही घेत नसत, आणि इथे चार भोंग्यांवरून साऱ्या आसेगावाने ते ऐकलं. सगळे हसले. लिलाबाई लाजेने लाल झाली, उठून घरी निघून गेली आणि कितीतरी दिवस ग्यानबाशी बोलली नाही. त्यानंतर त्याने मरेपर्यंत तिचं नाव घेतलं नाही. आपल्याला ते मनातून फार आवडलं होतं, हे सांगायचं मात्र तिच्याकडून राहूनच गेलं.

रेडिओ दुरुस्त करणारा मदनसिंग एके दिवशी दुकानात आला. त्याने कुठून तरी जुना टेपरेकॉर्डर आणला होता आणि त्यात स्वतःची करामत केली होती. टेप पुढे सरकताना नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या मऊ लोकरीच्या, दोन पट्ट्या तिला पुसत जायच्या आणि दबलेला आवाज मोठा होऊन बाहेर पडायचा.

“मेलेला आवाज जिता करते हे मशीन,” मदनसिंग म्हणाला. “घेऊन ये तुया बापाची टेप.”

दुसरा कोणी असता तर धावत गेला असता. पण तो इंद्रभान होता.

“आधी मशीनची तपासनी होईन,” तो म्हणाला. “टेप खाऊन टाकली म्हंजे? माया बाप दुसऱ्यांदा मरन.”

मदनसिंगने मशीन ठेवून दिलं आणि इंद्रभान हात धुऊन त्याच्या मागे लागला. त्याने ते उघडलं, झटकलं, हुंगलंसुद्धा. हुंगून काय कळलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. नमदा आपल्या गालावर घासून पाहिला. मग एक रद्दी टेप चढवली, माईक हातात घेतला, लाल बटण आणि काळं बटण एकदम दाबून “हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग” भरलं आणि वाजवून ऐकलं. स्वतःचा आवाज स्वच्छ ऐकून त्याला भरून आलं. पुन्हा भरलं, पुन्हा ऐकलं. गिऱ्हाइकं दारातून परत जाऊ लागली.

रद्दी टेपवर समाधान होईना, तेव्हा त्याने बायकोच्या भावाच्या लग्नाची टेप काढली. संध्याकाळी बायकोने, दुर्गाबाईने, ती ऐकली आणि कमरेवर हात ठेवला.

“इथं तं तुमचंच हॅलो हाय. माया भावाच्या लग्नाची सुरुवात कुठी गेली?”

“सुरुवातीले काय असते?” इंद्रभान म्हणाला. “खोकला आन खुर्च्यांचा आवाज. मंगलाष्टकं साबूत हायेत न?”

“तुमी मशीन तपासून राह्यले का सोताचा गळा?”

इंद्रभानने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं. तिला तांत्रिक बाजू समजावून सांगणं त्याला जास्त गरजेचं वाटलं. “हे पाय. लाल बटन एकटं दाबलं तं काईच होत नाई. लाल आन काळं जोडीनं दाबलं तरच नवीन भरते आन जुनं पुसते. म्हंजे चुकून कोनाच्या हातानं काईच बिघडू शकत नाई. असा येडा कोन असन, जो दोन्ही बटनं संगंच दाबन?”

पुढे हे वाक्य दुर्गाबाईने त्याला आयुष्यभर ऐकवलं, ती गोष्ट वेगळी.

वर्षाच्या दिवशी आसेगावच्या विहारात गाव जमलं. वंदना झाली, पंचशील झालं. टेबलावर ग्यानबाचा फोटो, त्याच्याशेजारी मशीन आणि मशीनला जोडलेला माईक. इंद्रभानने टेप हलक्या हाताने चढवली आणि शेवटची चाचणी म्हणून मधलाच तुकडा थोडा वाजवून पाहिला. रांजणातला ग्यानबा बाहेर आला होता. आवाज खणखणीत. गाणपार्टीतले म्हातारे माणिकराव, ज्यांनी त्या जयंतीला ढोलकी वाजवली होती, त्यांनी टोपी काढून डोळे पुसले. इंद्रभानने टेप गुंडाळून पुन्हा सुरुवातीला आणली. लिलाबाई पदर सावरून मशीनच्या अगदी जवळ येऊन बसली.

सगळीकडे शांत झालं.

तेच नडलं. समोर माणसं बसलेली, मशीन तयार आणि मंडप चिडीचूप, असं झालं की इंद्रभानच्या हातांना विचारावं लागत नसे. डावा हात माईककडे गेला. उजव्या हाताची दोन बोटं लाल आणि काळ्या बटणावर जोडीनं पडली. आणि भरदार आवाजात तो म्हणाला, “हॅलो, हॅलो. माईक टेस्टिंग. वन, टू, थ्री. तथागत लाऊडस्पीकर, शेलूबाजार, आपले सहर्ष स्वागत करीत आहे.”

चकरी गरगर फिरत होती.

“इंद्रभान,” माणिकराव हळूच म्हणाले, “कोनाचं स्वागत करून राह्यला?”

इंद्रभानने खाली पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मशीन बंद करेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्याने टेप मागे घेऊन वाजवली. स्वतःचा आवाज, अतिशय स्वच्छ. हॅलोपासून स्वागतापर्यंत. त्यानंतर एकदम मंडपातलं हसणं, आणि हसणं ओसरताना ढोलकी. हाक गेली होती. बापाने मायला आयुष्यात एकदा मारलेली हाक, तिच्यावर इंद्रभानने आपल्या दुकानाचं नाव भरून ठेवलं होतं. नमदा गालावर घासून पाहणारा, मशीन हुंगणारा, साऱ्या शेलूबाजारात सावध म्हणून मिरवणारा माणूस. त्याने फक्त एकच यंत्र तपासायचं सोडलं होतं, ते म्हणजे स्वतःचे हात. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

“माय,” तो म्हणाला, “म्या पुसून टाकलं. नाव गेलं.”

लिलाबाईने फोटोकडे पाहिलं. मग मुलाकडे. तिने हात पुढे केला.

“दे तो माईक. मले पाठ हाय थे.”

ज्या बाईने जन्मात माईकला हात लावला नव्हता, तिने तो घट्ट धरला. यंत्रापुढे बोलायची हीच रीत असते असं तिला वाटलं असावं, म्हणून आधी ती म्हणाली, “हॅलो, हॅलो.” कोणी हसलं नाही. मग अगदी ग्यानबाच्या ढंगात, त्याच्यासारखीच मान तिरपी करून ती म्हणाली, “लिलाबाई, मांगं कायले बसली? पुढं ये. कोरस तुलेच धरा लागते.”

वाक्य पुरं करून तिने माईक तसाच तोंडापुढे धरून ठेवला.

इंद्रभानने टेप तिथून पुढे लावली. हसणं झालं, ढोलकी झाली, ग्यानबा गाऊ लागला. एक ओळ म्हणून तो थांबला. त्या जयंतीला कोरस धरायला कोणीच नव्हतं, म्हणून तिथे टेपवर नुसती ढोलकी होती, वाट पाहत असल्यासारखी. लिलाबाईने त्या रिकाम्या जागेत कोरस धरला. आवाज फाटका, पण ताल बरोबर. ग्यानबा पुढची ओळ गायला, थांबला; तिने धरला. माणिकरावांचे हात मांडीवर ढोलकी वाजवू लागले. इंद्रभान बापाच्या फोटोखाली बसून लहान मुलासारखा रडत होता.

गाणं संपल्यावर लिलाबाईने माईक त्याच्यापुढे धरला. “भरलं न सारं? आता दरसाल वाजवत जाय.”

सगळे इंद्रभानकडे पाहू लागले. त्याने दोन्ही हात मांड्यांखालून काढून दाखवले. पुन्हा एखादं बटण दाबलं जाऊ नये म्हणून तो गाणं सुरू झाल्यापासून त्यांच्यावर बसून होता; आणि त्याआधी, माय हाक म्हणत असताना, त्याने ते पाठीमागे बांधून ठेवले होते.

“काईच नाई भरलं, माय,” तो म्हणाला.

लिलाबाई त्या हातांकडे पाहत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून हसू लागली.

“बरं झालं,” ती म्हणाली. “मंग दरसाल मलेच या लागन.”