आईच्या वेळेचे घड्याळ

मित्रांनो, मी भिंतीवरचे एक जुने घड्याळ आहे. माझी कहाणी सुरू करण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण ती ऐकून घ्यायला आजवर फारच थोड्यांना सवड झाली आहे. मी बिघडले नव्हते. मी साडेतीन तास मागे होते, कारण मला मुद्दाम तसे लावले होते, आणि माझे काम मी चोख करत होते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या तपासणीच्या बाईंनी मला तीन दिवस टेबलावर ठेवून पाहिले आणि माझ्या पाठीवर हिरवा शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला अजून अभिमान आहे. मग एका नव्या जोडप्याने मला घरी आणले आणि बाहेरच्या खोलीत, बरोबर टेलिफोनच्या वर टांगले. नवरा बसच्या आगारात मेकॅनिक, बायको सैन्याच्या इस्पितळात नर्स. पुढे त्यांना मुलगी झाली. ती एका जागी म्हणून बसायची नाही, त्यामुळे तिचे नाव पडले मुंगी. मुंगी माझ्याकडे बघूनच वेळ वाचायला शिकली. बारा वर्षे मला कोणी नावे ठेवली नाहीत.

मुंगी नऊ वर्षांची असताना आईच्या तुकडीला समुद्रापलीकडे जाण्याचा हुकूम आला, एका वर्षासाठी. निघायच्या आदल्या दिवशी आई स्टुलावर चढली, तिने मला खाली काढले आणि माझे काटे साडेतीन तास मागे फिरवले.

"मुंगे, हे आता माझं घड्याळ," ती म्हणाली. "इकडची वेळ स्वयंपाकघरातल्या नव्या घड्याळात बघायची. आणि माझी आठवण आली की यात बघायचं."

तेव्हापासून मुंगी शाळेतून आली की आधी माझ्याकडे बघायची. "एक वाजला, आई जेवत असेल," असे म्हणूनच ती दप्तर खाली ठेवायची.

निरोपाच्या दिवशी सगळ्या इमारतीने टाळ्या वाजवल्या. "काही लागलं तर हक्कानं सांगा," असे प्रत्येक जण म्हणाला. पुढे मुंगीला ताप भरला. तिच्याजवळ बसायला कोणी मिळेल का म्हणून बाबांनी हक्काने चार दारे वाजवली. चारही घरांना नेमके तेव्हाच कुठेतरी जायचे होते! जिन्यात उभे राहून बोलायला मात्र वेळच वेळ. "पोर टाकून बाईनं इतक्या लांब जायचं म्हणजे कमालच!" बाबा गेले असते तर कोणी असे म्हटले असते का? दाराच्या फटीतून मला सगळे ऐकू येई, आणि माझा नुसता संताप होई.

आईला आठवड्यातून एकदाच घरी फोन करता येत असे. दर गुरुवारी तिच्याकडचे दोन वाजले की तिची पाळी लागायची. घरचा एकच नंबर नोंदवलेला आणि मिनिटे मोजून दहा. बाबांनी आपल्या वाट्याची पाच मिनिटेही लेकीला देऊन टाकली आणि गुरुवारी आगारात सहापर्यंतचे काम घेतले. मुंगी माझ्यात दोन वाजायची वाट बघत फोनजवळ बसायची.

एका गुरुवारी आईने सांगितले, की परत यायला आणखी दोन महिने लागतील. मुंगी भडकली. "मग येऊच नकोस!" असे ओरडून तिने फोन आपटला. थोड्याच वेळात तिला रडू आवरेना. पुढच्या गुरुवारनंतर आई एका दूरच्या चौकीवर जाणार होती आणि तिथे पाच आठवडे फोन नव्हता. म्हणजे बोललेले परत घ्यायला एकच संधी. सहा दिवस मुंगी कंगवा कानाला लावून माझ्यासमोर तालीम करत होती. "आई, मी तसं मनापासून म्हटलं नव्हतं. तू ये. कधीही ये."

आता मोठ्या काकांबद्दल सांगायला हवे. ते बाबांचे थोरले भाऊ. सल्ला द्यायला सदैव हजर, कामाच्या वेळी गायब. "हे घड्याळ मागे आहे," असे ते प्रत्येक भेटीत म्हणत. एकदा बाबांनी त्यांना कारण सांगायला घेतले, तर ते अर्ध्यातच आपल्या गुडघेदुखीवर घसरले. त्या गुरुवारी दुपारी, घरात कोणी नसताना, ते आपली शिडी परत न्यायला आले. किल्ली त्यांच्याजवळ होतीच. जाता जाता त्यांची नजर माझ्यावर पडली. "या घरात कोणाला कशाची फिकीर नाही," असे पुटपुटत ते शिडीवर चढले आणि त्यांनी माझे काटे इकडच्या वेळेला आणून ठेवले. वर माझी काच रुमालाने पुसली! मी ओरडू शकत असते तर सगळी इमारत गोळा केली असती.

मुंगी शाळेतून आली तेव्हा माझ्यात पाचला पाच मिनिटे कमी होती. ती दारातच थिजली. तिला वाटले, आईचे दोन कधीच वाजून गेले. फोन येऊन गेला. खरे तर फोन यायला अजून पस्तीस मिनिटे होती. पण तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता. त्यामुळे स्वयंपाकघरातले घड्याळ बघायचे तिला सुचलेच नाही. दाराला कुलूप घालून ती रडत आगाराकडे धावली.

आगाराच्या पहारेकऱ्याने तिला फाटकावरच थांबवले. "लहान मुलांना आत सोडत नाही. साडेपाचला चहाची सुट्टी होईल, तेव्हा बाबांना भेट." सुट्टी झाली, बाबा बाहेर आले, त्यांनी लेकीचे ऐकून मनगटाकडे पाहिले आणि तिला सायकलवर बसवून जीव तोडून पायडल मारले.

इकडे ठीक साडेपाचला माझ्याखाली फोन वाजायला लागला. वाजत राहिला. मी एकेक मिनिट पुढे सरकत होते आणि ते थांबवणे माझ्या हातात नव्हते. पाच चाळीसला तो बंद पडला. दोन मिनिटांनी कुलूप उघडले.

बाबांनी सैन्याच्या कचेरीत फोन केला. "आम्ही फक्त तातडीचे निरोप पोचवतो. हे तातडीचं नाही," असे उत्तर मिळाले. का नाही, ते मला अजून कोणी समजावलेले नाही. मुंगीने पत्र लिहिले, ते वाटेतच राहिले.

पाच आठवड्यांनी, मला पुन्हा आईच्या वेळेला लावलेले असताना, माझ्यात दोन वाजता फोन आला. मुंगीने सगळे एका दमात सांगून टाकले. मग आई म्हणाली, "अगं, मी दहाच्या दहा मिनिटं रिंग वाजू दिली. मला वाटलं, तू तिथंच उभी आहेस आणि रागानं उचलत नाहीयेस."

पाच आठवडे तिने हे मनात वागवले, तेही तिथे चौकीवर, जखमी माणसांना पट्ट्या बांधताना!

काटे कोणी फिरवले ते उघड झाल्यावर मोठे काका म्हणाले, "मी चांगल्यासाठीच केलं होतं." एरवी बाबा मोठ्या भावापुढे मान वर करत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी केली. "दादा, घड्याळाला हात लावण्याऐवजी गुरुवारी पोरीजवळ येऊन बसला असतात तर बरं झालं असतं." तेव्हापासून आई परत येईपर्यंत काका दर गुरुवारी पाच वाजता येऊन गप्प बसत. गप्प बसणे त्यांना फार जड जाई. तरी मी त्यांना अजून माफ केलेले नाही.

आई आली. स्टुलावर चढून तिने स्वतःच्या हातांनी मला इकडच्या वेळेला लावले आणि मुंगीने स्टूल घट्ट धरून ठेवले. आता मला कोणी चुकीचे म्हणत नाही.

मित्रांनो, कोणाच्या घरी घड्याळ मागे दिसले, तर शिडी लावण्याआधी एकदा विचारा आणि उत्तर शेवटपर्यंत ऐका. कदाचित त्या घरातले एखादे माणूस त्याच वेळेत राहत असेल.