बायडाबाईची इरली

माझ्या आईला, बायडाबाईला, कोणी कचरा वेचणारी म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. ती इरली विणायची. पावसात वाकून भात लावताना बाया डोक्यावरून पाठीवर घेतात ते इरलं. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या, मध्ये पळसाची पानं. आमच्या ठाकरवाडीतून खालच्या गावात दरसाल तिचीच इरली जायची.

त्र्याऐंशी साली त्या गावच्या मोठ्या शेतकऱ्याच्या, हौशीरामभाऊंच्या बायकोने, अंबूबाईने साफ सांगितलं, "यंदा इरलं नगं. लोणावळ्यातनं प्लास्टिकचा कागद आणलाय. तुजी पानं गळत्यात."

अंबूबाईचं बघून सगळं गाव तेच करणार आणि आईचं विणणं कायमचं थांबणार, हे मला लख्ख कळत होतं.

आई खंडाळ्याच्या एका बंगल्यात भांडी घासायची. मुंबईचे पाहुणे जाताना मागच्या खड्ड्यात प्लास्टिकच्या पिशव्यांचा ढीग सोडून जात. तो वर्षानुवर्षं तसाच पडून असायचा.

"जे कुजत न्हाई, ते गळंल कसं?" आई म्हणाली. तिने पिशव्या आणल्या, ओढ्यावर राखेने घासल्या, कापून पानांमध्ये पसरल्या.

आणि मग तिने माती खाल्ली. नवं इरलं चुलीच्या धुरावर टांगायचं, म्हणजे पानांना कीड लागत नाही, ही आमची रीत. तिने टांगलं. सकाळी बघतो तर प्लास्टिक आक्रसून गोळा झालेलं, पानं फाटलेली, घरभर घाण वास. खाली गावात बातमी गेली. अंबूबाई आईला बघून पोट धरून हसली, "उकिरडा डोक्यावर घ्यायला निघालीस व्हय गं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईने मात्र आधी नुसती पानं धुरावर धरली, गार होऊ दिली, मग मध्ये प्लास्टिक घातलं. ते इरलं अंबूबाईच्या ओट्यावर ठेवून म्हणाली, "येक दिस घेऊन बगा. गळलं तर पुना इरल्याचं नाव काडनार न्हाई."

लावणीच्या दिवशी पाऊस आडवा झोडपत होता. भातखाचरातल्या बाया एका हाताने कागद सावरत होत्या, एका हाताने रोपं लावत होत्या. दुपारपर्यंत वाऱ्याने कागदांच्या चिंध्या केल्या. इरलं घेतलेल्या अंबूबाईचे दोन्ही हात मोकळे होते. संध्याकाळी बांधावर आईजवळ येऊन तिने इरलं उतरवलं आणि स्वतःच्या पाठीवरून हात फिरवला. लुगडं कोरडं होतं.

"बायडे, आठ इरली दे."

"पानं हायती, कामट्या हायती. पर आट इरल्यांचं प्लास्टिक मी येकली कदी घासू? तुमचं फाटलेलं कागद उकिरड्यावर टाकू नगा. धुऊन आणा, मंग देते."

अंबूबाईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. माझी छाती मात्र अशी फुगली की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर अंबूबाई पदर खोचून राखेने कागद घासत होती. आईने एक उचलला, उजेडात धरला, उलटसुलट पाहिला आणि परत तिच्या हातात दिला.

"घडीत चिखल ऱ्हायलाय, अंबूबाई. पुना धुवा."