सावडीतला ताप

बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मीही आयुष्यभर घेतलं नाही. पण आता माझं वय झालं आणि त्यांच्यावरचा राग मात्र अजून तरणाबांड आहे, म्हणून या गोष्टीपुरतं घेते. दत्ताराम.

सत्तावन्न सालचा आषाढ होता. मुंबईत फ्लूची साथ पसरली होती आणि गिरण्यांतले आमचे लोक ती अंगात घेऊन महाडला एसटीतून उतरत होते. आमची वाडी पोलादपूरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. माझी लेक रखमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा महिना लागलेला. तिला महाडच्या दवाखान्यात दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"राहीबाई, या तापावर लस निघते आहे म्हणतात, पण ती आपल्यापर्यंत पोचलेली नाही. तेव्हा ताप घरात येऊ न देणं हीच तुमची लस. आजारी माणसाने वेगळं झोपायचं, शिंकताना-खोकताना तोंडावर फडकं धरायचं आणि पोटुशीने त्याच्याजवळ फिरकायचं नाही. बाकीची माणसं चार-आठ दिवसांत उठतात. पोटुशीचं तसं नसतं."

एवढं ऐकल्यावर मी गप्प बसणारी नव्हे. वाडीत आल्या आल्या आरडाओरडा करून देवळात बैठक बसवली. ठरलं असं, की ज्याच्या घरात ताप त्याने दारावर निरगुडीची डहाळी खोचायची. त्या घरी कोणी जायचं नाही आणि त्या घरच्यांनी सावडीत यायचं नाही. आमच्याकडे भाताची लावणी सावडीवर होते. आज सगळ्यांनी मिळून एकाचं शेत लावायचं, उद्या दुसऱ्याचं. ज्याच्या घरचं माणूस आलं नाही त्याची पाळी गेली, आणि पाळी गेली की रोप जून होऊन पिवळं पडतं. म्हणजे डहाळी खोचणं सोपं नव्हतं, हे मलाही कळत होतं. तरी सगळ्यांनी मान डोलावली. सगळ्यांत आधी डोलावली ती मालोजीने, माझ्या बहिणीच्या नवऱ्याने.

प्रयाग माझ्या पाठची. तिचं लग्न मीच खटपट करून माझ्या वाडीत जमवलं होतं, सुखदुःखाला आपलं माणूस जवळ असावं म्हणून. हौसच मोठी मला.

मालोजीची पाळी आधी होती, आमची एक दिवस सोडून. आदल्या संध्याकाळी तो अंगणात आला.

"आक्का, उद्याच्याला लवकर या."

"घरात समदी बरी हाईत ना रे?" मी स्वच्छ विचारलं. "रखमा हाय माझ्याकडं."

"देवाशपथ, काय नाय. प्रयाग तेवढी बाजूला बसलीय पडवीतल्या खोलीत, ती नाय यायची. आय रांधील."

आता बाई बाजूला बसली म्हटल्यावर कोण चौकशी करणार? त्या खोलीकडे बाईमाणूसही फिरकत नाही, पुरुषाची तर गोष्टच सोडा. मीही पुढे काही विचारलं नाही.

सकाळी इरलं डोक्यावर घेऊन मी खाचरात उतरले. घराघरातून माणूस आलेलं होतं. पाऊस लागून राहिला होता, हात भराभर चालले होते. मालोजी अधूनमधून माझ्याकडे बघून हसत होता. मेव्हणा प्रेमळ आहे, असं मला वाटलं.

दुपारी त्याची आई बनुबाई जेवणाची पाटी घेऊन बांधावर आली. तिने सगळ्यांच्या हातावर भाकरी-चटणी ठेवली. मी भाकरी मोडायला गेले आणि थांबले. भाकरीच्या कडेला अंगठा दाबल्याची खूण होती.

ही खूण आमच्या आईची. भाकरी थापून झाली की तव्यावर टाकण्याआधी ती कडेला अंगठा दाबायची. "बिनखुणेची भाकरी चोराची" असं काहीतरी ती म्हणायची. त्याला काही अर्थ नव्हता, पण आम्हा दोघी बहिणींच्या हाताला ती सवय लागली ती लागलीच. साऱ्या वाडीत ही खूण माझ्या भाकरीवर असायची नाहीतर प्रयागच्या.

बाजूला बसलेली बाई भाकऱ्या थापत नाही. मग पडवीतल्या खोलीत कोण होतं?

मी भाकरी बांधावर ठेवली आणि चिखलाच्या पायांनी तडक प्रयागचं घर गाठलं. खोलीचं दार ढकललं. आत घोंगडीखाली मुरारी पडला होता, मालोजीचा मुंबईचा धाकटा भाऊ. तोंड लालबुंद, श्वास खरखरत होता. मागे वळले तर आतल्या चुलीपाशी प्रयाग उभी होती, हाताला पीठ.

"आक्का, हळू बोल," ती म्हणाली. मी अजून बोललेच नव्हते.

"हे काय गो?"

"लावणी उरकली का सांगनारच व्हते. डहाळी लावली असती तर कोन आलं असतं? रोप जून झालंय आमचं."

"मला एकटीला सांगायचं व्हतं. मी तोंड उघडलं नसतं. फकस्त आले नसते."

प्रयाग खाली बघायला लागली. "तू आली नसतीस तर समद्यांना कळलं असतं. राहीबाई लेकीला घरात ठेवून आली, म्हंजे या घरात ताप नाय, असं म्हनूनच बाकीचे आले."

केसाने गळा कापणं म्हणतात ते असं. माझी भीती सगळ्या वाडीला ठाऊक होती आणि माझ्या सख्ख्या बहिणीने त्या भीतीचाच दाखला करून वाडीला फसवलं होतं. सकाळपासून मी मालोजीच्या शेजारी उभी होते, बनुबाईच्या हातून भाकरी घेतली होती. त्याचं हसू आता मला कळलं.

मी तिच्यावर हात उचलला नाही. उचलायला हवा होता.

घरी आले ती अंगणातच थांबले. उंबरा ओलांडायचा नाही, गोठ्यात राहायचं, वरच्या धनगरवाडीतून विठाबाई सुईणीला रखमापाशी बोलवायचं, हे वाटेतच ठरवलं होतं. मी दत्तारामला हाक मारली. ते बाहेर आले.

"तिथंच ऱ्हावा," मी म्हटलं. "प्रयागच्या घरी ताप हाय. मी आत येत नाय. रखमाला सांगा, आय गोठ्यात हाय."

ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "मुरारीचा उतरला नाय अजून?"

पाऊस पडत होता, पण मला स्वच्छ ऐकू आलं. मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं.

"तुमाला ठाव व्हतं?"

"परवा सांजच्याला गेलतो. मुंबईच्या गोष्टी सांगत व्हता. जरासा बसलो. एक बिडी ओढली."

"त्याच्यापाशी? आनि मग घरात येऊन रखमाशेजारी जेवलात?"

"अगो, सावड मोडली असती तर आपली पाळी कुठं ऱ्हायली असती? मालोजीनं शब्द दिलाय, आपलं शेत समद्यात नीट लावनार म्हनून."

मी महाडपर्यंत जाऊन ज्ञान घेऊन आले, वाडी गोळा केली, दारोदार डहाळ्या बघत फिरले. दिव्याखाली अंधार. बहिणीने केलं त्याने मी पेटले होते. याने मी विझले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावा घेतला तरी सांगायचं कोणाला?

मी त्यांना गोठ्यात पाठवलं आणि स्वतः अंगणाकडेच्या मांगरात, गवताच्या खोपटात, राहिले. पण त्याचा उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी गुरं सोडायच्या वेळेला आतून रखमाचे दात वाजल्याचा आवाज आला. मग मात्र मी उंबरा ओलांडला. आता वाचवायला राहिलं होतं काय?

डॉक्टरांनी दिलेल्या पांढऱ्या गोळ्या तिला दिल्या. कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, पेज पाजली. विठाबाई नाकावर पदर बांधून डोंगर उतरून आली. तिचा हात फार चांगला, पण तापाने रखमाच्या अंगात जोरच राहिला नव्हता. त्याच्या दुसऱ्या दिवशी मूल वेळेआधी आलं. मुलगा होता. विठाबाईने त्याला उलटा धरला, थोपटला, पाठीवर फुंकर घातली. तो रडलाच नाही.

त्याच दिवशी आमची पाळी होती. डहाळीचा नियम कोणी पाळायचा? निम्म्या वाडीत ताप शिरला होता. जे उभे राहू शकत होते ते आमच्या शेतावर आले. मालोजीने शब्द खरा केला. आमचं शेत सगळ्यांत नीट लागलं. संध्याकाळी प्रयाग पाय धुऊन दारात आली. तिला बाळाचं कळलं होतं, पदर तोंडात धरून रडत होती.

"आक्का, शेत पुरं झालं," एवढंच तिला सुचलं.

"झालं ना? मग जा," मी म्हटलं. त्यानंतर मी तिच्या दारात गेले नाही, ती मेली तेव्हासुद्धा.

रखमा वाचली. नागपंचमीच्या सुमाराला भिंतीला टेकून बसायला लागली. एका दुपारी मी तिच्या केसांना तेल लावत होते. दत्ताराम ओटीवर होते, मधलं दार उघडं होतं.

"आये," ती म्हणाली, "मी तर घराभायेर गेले नाय. मग ताप आनला कोनी?"

माझा हात थांबला. मी दाराकडे बघितलं. बोलतील, असं मला वाटलं. खरंच वाटलं. त्यांनी मान वळवून आमच्याकडे बघितलं आणि परत पावसाकडे तोंड केलं.

आईवरचा राग लेकी कशातरी गिळतात. बाप असा निघाला हे कळलं तर माहेर कायमचं तुटतं. मला तेव्हा तसं वाटलं.

"मीच आनला, गो," मी म्हटलं. "मावशीच्या लावणीतून."

रखमाने माझ्या हातातून केस सोडवून घेतले आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

पुढच्या खेपेला ती बाळंतपणाला माहेरी आली नाही. सासरीच राहते असा निरोप पाठवला. मी रडत होते, तेव्हा दत्ताराम म्हणाले, "मनाला लावून नको घेऊस. आजकालच्या पोरी अशाच."