पिवळ्या ज्वारीचं बी

नागुबाईची पिवळी ज्वारी हिमायतनगरच्या डोंगरपट्ट्यात सगळ्यांना ठाऊक होती. मुरमाड रानात, पावसानं ओढ दिली तरी ती कणीस धरायची. आंध आदिवासींच्या तिच्या वस्तीतली बारा घरं याच ज्वारीच्या भाकरीवर वर्ष काढत. बी मागायला आलेल्याला रिकाम्या हातानं धाडायचं नाही, ही इथली रीत. नागुबाईनं ती कधी मोडली नाही. निदान लोकांना तरी तसंच वाटे.

गेल्या भादव्यात नाल्याचं पाणी वस्तीत शिरलं. शेतातली ज्वारी आडवी झाली, घराची भिंत बसली, आणि चुलीच्या वर आढ्याला टांगलेली बियाण्याची कणसं चिखलात पडून तिथंच मोडावली. मजुरीवर आणि रेशनवर वर्ष कसंबसं निघालं. पण मृग तोंडावर आला तरी बारा घरांत मिळून पेरायला मूठभर पिवळी नव्हती. दुकानातलं बियाणं या मुरमावर तग धरत नाही, हे सगळ्यांनी एकदा करून पाहिलं होतं. लोक नागुबाईच्या तोंडाकडे बघायला लागले.

तिचा मुलगा भागवत म्हणाला, वर कोलामांच्या पोडावर, त्यांच्या वस्तीवर जाऊ. तीन वर्षांपूर्वी तिथल्या राजूबाईला आपणच बी दिलं होतं की. नागुबाईनं चार दिवस टाळलं. कधी गुडघा दुखला, कधी ऊन लागलं. खरं कारण तिच्या पोटातच होतं. त्या वर्षी तिनं भरगच्च कणसं स्वतःला ठेवली होती आणि राजूबाईच्या पदरात खुरटी, अर्धवट भरलेली टाकली होती. रीतही पाळली आणि हातही आखडला. पाचव्या दिवशी शेजारीण वखरलेल्या रानाकडे बोट दाखवून म्हणाली, काकी, काय पेरू? तेव्हा मात्र टोपली घेऊन नागुबाई डोंगर चढली.

राजूबाईनं पाणी दिलं, बसायला गोणपाट टाकलं, कारण विचारलं नाही. रिकामी टोपली बघूनच शिडी लावून ती आढ्याशी गेली आणि सगळ्यात भरलेली कणसं काढून खाली देऊ लागली. बारक्या कणसांना तिनं हातही लावला नाही. नागुबाईला ते बघवेना.

"राजू, मी तुला खुरटी कणसं दिल्ती गं."

"म्हाईत हाय, काकी. घरी आणल्याबरूबर दिसलं," राजूबाई शिडीवरूनच म्हणाली. "म्हणून तर लई जपलं. दर साली आमी समद्या बाया रानात हिंडलो, चांगली चांगली कणसंच बियाला ठिवली."

नागुबाई लाजेनं अर्धी झाली. पण हातातलं कणीस बघून तिचा ऊर भरून आला. एवढं टपोरं तिच्या रानात कधी पिकलं नव्हतं. पोडातल्या बायांचा तिला मनापासून अभिमान वाटला.

"खाली ये," ती म्हणाली. "कशी निवडता ते मला शिकव."

त्या मृगात बाराही घरांची पेरणी झाली. आता बी दोन्हीकडं ठेवतात, वर पोडात आणि खाली वस्तीत, आणि दुसऱ्याला द्यायची कणसं आधी निवडतात. कुणी विचारलंच, तर नागुबाई ताठ मानेनं सांगते, हे बी राजूबाईचं हाय.