सरकारी विहीर

आमचे पोलीस पाटील शेषराव पक्के माळकरी. पण सरकारी कामाला निघताना ते गळ्यातली तुळशीची माळ काढून देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला अडकवत. पंचनाम्यात थोडं खरंखोटं करावं लागतं, ते माळेला लागू नये, हा त्यांचा हिशेब. माळ असली की देवाचे, नसली की सरकारचे. गाव हसायचं, पाटील सुखात होते.

महाराष्ट्र होऊन चारेक वर्षं झाली असतील. पिंपळगाव राजाच्या रस्त्याला मोतीराम आणि इंद्रभान भाजीचा मळा करत, एकाच खोपटात राहत. मळ्यात भागी आहे, एवढंच लोक समजत. त्या उन्हाळ्यात गावातल्या किसनरावांनी इंद्रभानसाठी आपल्या मेहुणीचं स्थळ आणलं, तर तो सरळ म्हणाला, "माहा संसार मोतीरामसंगं हाये. पोरीचं वाटोळं काऊन करू?" खरं बोलला आणि फसला. गावानं दोघांना सरकारी विहीर बंद केली. मळ्यातली तर आधीच आटलेली.

इंद्रभान पाटलांकडे आला. "विहीर सरकारची ना पाटील? मंग आमाले काऊन बंद? मोतीरामले ताप हाये, घरात पानी नाही."

शेषरावांनी सवयीनं माळ काढली. सरकारी विहीर कोणाला बंद करता येत नाही, हे खरं. पण या दोघांचा संसार कायद्यानं गुन्हा, हेही सरकारचंच म्हणणं. त्यांनी माळ परत घातली. बुवांनी कीर्तनात याला पाप म्हटलं होतं. तहानलेल्याला पाणी नाकारणं महापाप, हेही त्याच बुवांनी सांगितलेलं. माळ काढली, घातली, पुन्हा काढली. खुंटी पहिल्यांदाच उपयोगी पडेना, आणि शेषरावांना रडू यायचंच काय ते बाकी राहिलं.

शेवटी ते मळ्यावर गेले आणि मधला मार्ग सांगितला. "तुमच्यातला एक जन लोणारले जाऊन राहा. दुसऱ्याचं पानी मी सुरू करतो."

खाटेवरचा मोतीराम उठून बसला. इंद्रभाननं त्याच्या पाठीला हात लावला. मोतीराम म्हणाला, "चालते. कोनं जावं, ते तुमीच सांगा. ज्याचं नाव घ्यान तो आत्ता निंगते."

पाटलांनी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. नाव तोंडातून निघेना. त्यांनी कोपऱ्यातली रिकामी घागर उचलली आणि विहिरीकडे चालू लागले.

विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका बाजूला सरल्या. त्यांत पाटलांची बायको सत्यभामाबाई होत्या. त्यांनी मळ्यावरची घागर ओळखली. आपली अर्धी भरलेली घागर त्यांनी तिथंच ओतून दिली.

"मी आजपासून नाल्यातलं पानी आनीन," त्या हळूच म्हणाल्या. "तुमचा सैपाक येगळा करत जाईन."

आपण पाप करतोय की काम, शेषरावांना काहीच कळत नव्हतं. त्यांनी दोर विहिरीत सोडला.