जेलवीस का?

आमच्या अँटिव्हायरसच्या चोरांच्या यादीत माझा सख्खा धाकटा भाऊ होता. सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. न वाटो. सोमवारपर्यंत होता.

त्याचं असं झालं. मी या अँटिव्हायरस बनवणाऱ्या कंपनीत नवी लागले तेव्हा कामात डोकं घातलं की मला तहानभूक आठवायची नाही. आई ओरडून थकली. धाकटा तेव्हा नोकरी शोधत होता, म्हणजे आईच्या भाषेत उंडारत होता. त्याने एक इवलासा प्रोग्रॅम लिहिला आणि फ्लॉपीवरून गुपचूप माझ्या कॉम्प्युटरवर चढवला. दुपार झाली की स्क्रीन काळी व्हायची आणि इंग्रजी अक्षरांत मराठी प्रश्न यायचा, ‘ताई, जेलवीस का?’ घाईत ‘जेवलीस’चं ‘जेलवीस’ झालं होतं. ‘हो’ किंवा ‘नाही’ दाबल्याशिवाय मेला हलायचा नाही. मी ‘हो’ दाबायचे आणि उपाशीपोटी पुढचं काम ओढायचे.

एवढ्यावर थांबला तर तो धाकटा कसला! मी पुसून टाकीन म्हणून प्रोग्रॅमला स्वतःची नक्कल करायलाही शिकवलं होतं. फ्लॉप्यांबरोबर तो ऑफिसभर पसरला आणि तिथून गिऱ्हाइकांकडे गेला. मिशीवाल्या मॅनेजरांनाही स्क्रीन ‘ताई’ म्हणायला लागली आणि तेही माझ्यासारखेच ‘हो’ दाबून मोकळे व्हायला लागले. आधीच आमच्याकडे व्हायरसांचा ढीग. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, फक्त इथे व्याह्याच्या जागी भाऊ.

साहेब माझ्यावर उखडले नाहीत. पण म्हणाले, बहिणीचा हात आखडतो, तेव्हा हा प्रोग्रॅम तू उघडायचा नाहीस, मी बघतो. तू फक्त खूण सुचव. खूण म्हणजे त्यातला असा तुकडा, जो दुसऱ्या कुठल्या भल्या प्रोग्रॅममध्ये सापडणार नाही. आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलमध्ये तो शोधतं आणि सापडला की फाइल दारातच अडवतं. मला विचार करावाच लागला नाही. ‘जेलवीस’ असं जगात दुसरं कोण लिहिणार?

त्या दिवसांत हा धाकटा दुपारी आमच्या ऑफिसच्या फाटकापाशी उभा असायचा, रखवालदाराशी गप्पा हाणत. मी खिडकीतून बघायचे आणि जळफळायचे. एकदा घरी चांगलं झापलंही, की अर्ज करायचे सोडून तिथे काय दिवे लावतोस. तो नुसता हसला.

धाकटा दोन वर्षांपूर्वी गेला. माझ्याआधी जायचं त्याला काही कारण नव्हतं.

आता कंपनीने जुन्या खुणा काढून सॉफ्टवेअर हलकं करायला घेतलंय. ते काम शंकासुराकडे आहे. शंकासुर म्हणजे आमचा चाचणी करणारा. सूर्य उगवला तरी हा विचारील, कशावरून? त्याने ‘जेलवीस’वर बोट ठेवलं. फ्लॉप्या गेल्या, हा व्हायरस कित्येक वर्षांत कुठे दिसला नाही, मग खूण काढायची ना? मी म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, का? काय सांगणार होते मी? की एवढे सगळे कॉम्प्युटर रोज माझ्या भावाचा शब्द शोधतात आणि तेवढाच तो उरलाय?

नियम असा, की खूण काढण्याआधी मूळ नमुना एकदा चालवून काय नुकसान करतो ते बघायचं. ते मी करते म्हटलं. साहेबांनी जपून ठेवलेला नमुना नेटवर्कपासून तोडलेल्या एका जुन्या मशीनवर घातला आणि घड्याळ दुपारवर लावलं.

स्क्रीन काळी झाली. ‘ताई, जेलवीस का?’

बोट सवयीने ‘हो’कडे गेलं. पण डबा बाजूला तसाच पडला होता, आणि त्याच्याशी आता खोटं बोलवेना. आयुष्यात पहिल्यांदा ‘नाही’ दाबलं.

‘मग खाली ये. डबा घेऊन फाटकापाशी उभा आहे.’

मी तिथेच तोंडावर पदर दाबून रडले. रोज उभा होता हो. मी रोज ‘हो’ म्हणत होते आणि तो रोज डबा परत नेत होता.

शंकासुर दारात येऊन उभा राहिला. माझ्याकडे बघून पहिल्यांदाच त्याला काही विचारावंसं वाटलं नसावं.

“काढ ती खूण,” मी म्हटलं. “फार वर्षं अडवलं त्याला. येऊ दे आता.”

मग डबा उचलला आणि जिना उतरले. फाटकापाशी नुसता रखवालदार होता. त्याच्या बाकावर बसून मी जेवले.