कूलंटवर फुटलेले खापर

भोसरीच्या त्या वर्कशॉपने मिनलच्या खाजेला परस्पर नाव देऊन टाकले होते: कूलंट. लेथवर लोखंड तापू नये म्हणून जे दुधाळ, तेलकट पाणी सोडतात ते अंगाला चावते, हे तिथे शेंबडे पोरही सांगेल. मिनल तपासणीच्या टेबलावर बसे, लेथवरून उतरलेले ओले भाग हाती घेऊन गेज लावून माप पाही. तेव्हा तिचा डावा हात खाजतो म्हटल्यावर कोणाला नवल वाटले नाही. सुपरवायझर मारुतरावांनी रबरी हातमोजे दिले, कोणी खोबरेल आणून दिले.

तिनेही ते नाव निमूटपणे पांघरले. खरे नाव जड होते: मल्टिपल स्क्लेरोसिस. त्या आजाराने आधी एका डोळ्यावर धुके धरले, मग पायांतली ताकद चोरली, आणि आता ही खाज. त्वचेच्या डॉक्टरांची मलमे झाली, गोळ्या झाल्या. कातडीवर ना पुरळ, ना लाली. अखेर मेंदूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खाज हातात नाहीच. मज्जातंतू खोटा निरोप धाडतात. आत्ताच का, याच हाताला का, ते मलाही सांगता यायचं नाही."

कोपरापासून मनगटापर्यंत, नख पोहोचत नाही इतक्या खोलवर, खाज अचानक पेटे. खाजवावे तर भडके, सोसावे तर जीव कातरे. क्षणात विझे आणि पाठ फिरवावी तोच पुन्हा उगवे. संत तुकाराम नगरातल्या घरी नवरा धम्मरत्न चाकणची शिफ्ट करून येई, ओल्या पंच्यात बर्फ गुंडाळून तिच्या हातावर धरी आणि धरल्या धरल्याच पेंगू लागे. त्याला उठवावेसे तिला वाटत नसे. बर्फाचे पाणी दोघांच्या कपड्यांत मुरत राही.

कारखान्यात मात्र तिने अवाक्षर काढले नव्हते. मागे एका ऑपरेटरला फिट आली, तर दुसऱ्या दिवशी त्याची मशीन दुसऱ्याकडे गेली होती.

सोमवारी ती आली तेव्हा कूलंटची टाकी गटारात रिकामी होत होती आणि मारुतराव सनीवर तडकले होते. कूलंट कालवण्याचे काम सनीकडे.

"किती तेल वततोस रे? पोरीचा हात बघ, पार सोललाय!"

"मापानंच ओततो, राव. मीटर लावून बघा ना."

"मीटरला कळतंय आन् हिच्या हाताला कळत न्हाई व्हय? उद्यापासून येऊ नगंस."

सनी हसला. मग मारुतराव हसत नाहीत हे पाहून त्याचा चेहरा उतरला.

मिनल टेबलाला धरून उभी राहिली. गप्प बसणे किती सोपे होते! ओरखडे तिच्याच नखांचे होते आणि शिक्षा सनीच्या नावावर चढत होती.

"मारुतराव, कूलंटचा दोष नाही. मला नसांचा आजार आहे. खाज त्याची आहे. कोरड्या हातालाही येते, झोपेतही येते."

मशीनच्या घरघरीतही ते सर्वांना ऐकू गेले. मारुतरावांनी टोपी काढून डोके पुसले.

"दुसऱ्याला लागतो का त्यो?"

"नाही."

"म्हणजे ताई," सनी म्हणाला, "इतके दिवस माझ्या टाकीनं फुकट शिव्या खाल्ल्या?"

"हो."

"धन्य आहे तुमची!" तो म्हणाला, आणि तिच्याकडे न पाहता टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला गेला. आभार मानण्याची त्याची तयारी नव्हती. तिलाही ते नको होते.

"आगं, मालकाला सांगावं लागंल," मारुतराव हळू आवाजात म्हणाले. "घरी बसवत्याल."

"सांगा. लपवणंही कष्टाचं झालंय."

ते काही वेळ पिंपावर टेकून बसले. रागावलेले नव्हते; नुसते दमले होते, तिच्यासारखेच. शेवटी उठून त्यांनी नव्या भागांचा ट्रे तिच्यापुढे सरकवला.

"आज लॉट जायचाय. तवर तरी बस."

ती बसली. हात आतून पुन्हा पेटला. दात आवळून तिने तो निवू दिला, मग ट्रेमधला पहिला भाग उचलला आणि गेज लावले.